वाळुंज अंगणात आणण्याआधी

खेळाच्या सामानाच्या दुकानात दुकानदार दोन बॅटी काढून समोर ठेवतो. ही काश्मीर विलो, ही इंग्लिश विलो. किमती ऐकल्यावर बापाचा हात काश्मीरकडे जातो आणि मुलाची नजर इंग्लिशवर अडकून राहते. आपल्या बहुतेक घरांत विलोची ओळख होते ती अशी, लाकूड म्हणून. झाड म्हणून तो भेटतो पुढे कधीतरी, काश्मीरच्या सहलीत नाहीतर एखाद्या परदेशी सिनेमातल्या तळ्याच्या काठी, हिरव्या झिपऱ्या सोडून पाण्यावर ओणवा झालेला. तेव्हा मनात येतं, हे झाड आपल्या बागेत लागेल का?

लागेल की. पण त्याआधी एक सांगायला हवं. विलोचा एक सख्खा भाऊ आपल्या सह्याद्रीत, ओढ्यानाल्यांच्या काठी, कुणी न लावता पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. त्याचं नाव वाळुंज. वाळुंज आणि वाळुंजकर ही आडनावं आपण रोज ऐकतो, वाळुंज नावाची गावंही आहेत. झाड मात्र दहातल्या नऊ जणांनी पाहिलेलं नसतं. पाहिलं असलं तरी ओळखलेलं नसतं. तेव्हा विलो लावण्याची गोष्ट करायची तर ती वाळुंजापासून सुरू करणंच रास्त.

आणि सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो. लावायला याच्याइतकं सोपं झाड क्वचित सापडेल आणि जागा निवडायला याच्याइतकं अवघडही. विलोची निगा म्हणजे नव्वद टक्के जागेची निवड. एकदा ती साधली, की बाकीचं झाड स्वतःच करतं. ती चुकली, तर पुढची वीस वर्षं तुम्ही आणि प्लंबर मिळून ती निस्तरत बसता.

ओढ्याकाठचा मुक्कामी

विलोच्या प्रजातीला सॅलिक्स म्हणतात. जगभरात त्याच्या चारशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक थंड प्रदेशातल्या. हिमालयात, युरोपात, सायबेरियात त्यांची रेलचेल. उष्ण प्रदेशात उतरून स्थिरावलेल्या थोड्या जातींपैकी वाळुंज ही एक. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा, म्हणजे चार बियांचा. संस्कृतात त्याला जलवेतस म्हणतात. नावातच पाणी आहे.

ओळखायचा कसा? मध्यम उंचीचं झाड. जुन्या खोडाची साल खडबडीत, उभ्या खोल भेगा पडलेली. पानं लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, आठ ते पंधरा सेंटिमीटर. कडा बारीक करवती, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी. वारा सुटला की अख्खं झाड क्षणात रंग बदलतं, ते या पाठीमुळे. कोवळे शेंडे हाताला रेशमासारखे मऊ लागतात. पावसाळा सरताना, म्हणजे बाकीची झाडं ऐन भरात असताना, वाळुंज पानं गाळतो. मग नवी पालवी येते आणि तिच्या पाठोपाठ फुलं. फुलं म्हणजे पाकळ्यांचा थाट नव्हे. बोटभर लांबीचे लोंबते तुरे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नर तुऱ्यांना गोडसर वास असतो आणि मधमाश्या त्यांच्यावर तुटून पडतात. मादी झाडावर पुढे छोटी बोंडं धरतात, ती फुटली की कापसासारखी म्हातारी उडत राहते.

हा नर-मादीचा भेद बागेसाठी महत्त्वाचा. छाट कलम केलं की नव्या झाडाचं लिंग मूळ झाडाचंच राहतं. अंगणात, पाण्याच्या टाकीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तो कापूस नको असेल, तर फुलोऱ्याच्या दिवसांत नर झाड हेरून त्यावर खूण करून ठेवावी आणि काडी पुढे त्याचीच आणावी.

पुण्यात मुळा-मुठेच्या काठी, भिंती आणि भराव न पोचलेल्या काही तुकड्यांवर अजून वाळुंज दिसतो. पुरात त्याच्या फांद्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात, त्यांना चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात, आणि पाणी ओसरलं की झाड पुन्हा उभं. पुरापुढे वाकून वाचण्यासाठी आपल्याकडे लव्हाळ्याचं नाव घेतात. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात हाच मान वेतसाला दिला आहे: रघूची सेना आली तेव्हा सुह्म देशाच्या लोकांनी वेतसाची वृत्ती धरली आणि जीव वाचवला. वेतस म्हणजे वेत की वाळुंज, यावर पंडितांनी वाद घालावा. ओढ्याकाठी उभं राहून पाहणाऱ्याला दोन्ही पटतात.

ज्याला वाफसा लागत नाही

शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. मातीत ओल हवी, पण हवाही खेळती हवी. पाणी साचून राहिलं की मुळांचा श्वास कोंडतो आणि पीक पिवळं पडतं. आंबा, डाळिंब, पपई सगळ्यांचा हाच नियम. पपईच्या बुडाशी दोन दिवस पाणी तुंबलं, तरी ती मान टाकते.

वाळुंज या नियमातून सुटलेला आहे. त्याच्या मुळांत आणि खोडाच्या तळाशी हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून वरची हवा पाण्याखालच्या मुळांपर्यंत उतरते. पाणी चढलं, तर खोडाच्या बुडलेल्या भागातूनच नवी मुळं फुटतात आणि ती थेट पाण्यात पसरतात. म्हणून जिथे बाकीची झाडं कुजतात, तिथे हा फोफावतो. त्याची दुसरी बाजू अशी, की कोरड्या मुरमाड जागेत, चार महिने पाऊस आणि आठ महिने टँकर अशा ठिकाणी, वाळुंज नुसता तग धरून राहतो. उन्हाळ्यात शेंडे वाळतात, पानं अवेळी गळतात आणि झाडाला कीड शोधत येते.

हे पाण्यावरचं प्रेम औषधाच्या इतिहासातही घुसलं आहे. इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन गावचे पाद्री एडवर्ड स्टोन यांनी एकदा विलोची साल चावून पाहिली. चव कडू, अगदी सिंकोनाच्या सालीसारखी. त्या काळी सिंकोना हिवतापावर देत. स्टोन यांचा तर्क असा: हिवताप दलदलीच्या जागी होतो, विलोही दलदलीच्याच जागी वाढतो, तेव्हा जिथे रोग, तिथेच देवाने औषध ठेवलं असणार. त्यांनी साल वाळवून, कुटून सुमारे 50 रुग्णांना दिली, ताप उतरताना पाहिला आणि 1763 मध्ये रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. तर्क चुकीचा होता, निरीक्षण खरं होतं. सालीतलं सॅलिसिन पुढे 1828 मध्ये योहान बुखनर यांनी वेगळं केलं, त्यातून सॅलिसिलिक आम्लाचा रस्ता निघाला, आणि 1899 मध्ये बायर कंपनीने त्याच घराण्यातलं औषध ‘अ‍ॅस्पिरिन’ या नावाने बाजारात आणलं. अर्थात म्हणून घरच्या झाडाची साल उकळून पिऊ नये. सालीत औषध किती हे झाडागणिक बदलतं, आणि ज्यांना अ‍ॅस्पिरिन चालत नाही त्यांना हेही चालणार नाही.

पाच काड्या, एक बाटली

वाळुंजाचं बी मिळवण्याच्या फंदात पडू नये. ते काही दिवसच जिवंत राहतं आणि ओल्या उघड्या वाळूवर पडलं तरच रुजतं. सरळ छाट कलम करावं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका ओळखीच्या शेतातल्या ओढ्यावरून पेन्सिलीच्या जाडीच्या पाच काड्या आणल्या. झाडाची पानं नुकतीच झडली होती, डोळे फुगायला लागले होते. प्रत्येक काडी वीतभर लांब. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका दिला, वरचा सरळ. म्हणजे खालचं टोक कुठलं, वरचं कुठलं, याचा घोळ होत नाही. बरणीएवढ्या काचेच्या बाटलीत चार बोटं पाणी घेतलं आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. रोज पाणी बदलायचं, एवढंच काम.

चारपाच दिवस काही नाही. मग पाण्याखालच्या सालीवर बारीक पांढरट फोड आले. घरच्यांनी विचारलं, काडी कुजली का? नाही. आठव्या दिवशी त्या फोडांतून साल टोचून गुलाबीसर टोकं बाहेर आली. सरळ बाहेर, काटकोनात, जणू आतून कुणी टाचण्या खुपसल्या आहेत. पंधरा दिवसांत त्यांचा लालसर झुबका झाला आणि वरचे दोन डोळे उमलून पानं सुटली. पाचही काड्या लागल्या. गुलाबाची पाच कलमं लावून दोन जगली तरी आपण खूश होतो, हे इथे आठवावं.

याचं कारण काडीच्या आत आहे. बहुतेक झाडांना कापल्यानंतर मुळं नव्याने घडवावी लागतात. विलोच्या कोवळ्या फांदीत मुळांचे अंकुर आधीच तयार, सालीखाली झोपून असतात. पाणी मिळण्याचाच अवकाश. पुरात मोडून वाहत गेलेली फांदी जिथे गाळात अडकेल तिथे झाड व्हावं, यासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद.

काडी उलटी रोवली तर? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हेरमान फ्योख्टिंग यांनी हे करून पाहिलं. विलोच्या काड्या दमट हवेत काही सरळ, काही उलट्या टांगल्या. उलट्या काडीलाही मुळं फुटली ती तिच्या मूळच्या खालच्या टोकाला, म्हणजे आता वर असलेल्या बाजूला, आणि पालवी मूळच्या शेंड्याकडे. त्यांचं हे काम 1878 मध्ये प्रसिद्ध झालं. काडीला आपलं बूड कुठलं हे माहीत असतं. आपण विसरू नये, म्हणून तो तिरका काप.

नेपोलियन 1821 मध्ये सेंट हेलेना बेटावर वारला आणि तिथेच विलोच्या सावलीत पुरला गेला. थडगं पाहायला येणारे आठवण म्हणून त्या झाडाच्या काड्या खिशात घालून नेत. त्या काड्यांपासून वाढलेली म्हणून सांगितली जाणारी झाडं पुढे जगाच्या कानाकोपऱ्यात उभी राहिली. दुसऱ्या कुठल्या झाडाची आठवण इतक्या लांबच्या जहाजप्रवासात जिवंत राहिली असती?

बाटलीतली मुळं मात्र ठिसूळ असतात. ती बोटभर झाली की लगेच काडी मातीच्या पिशवीत हलवावी. वाट पाहत बसलं तर लावताना मोडतात. मी तर आता बाटलीची हौस मुलांपुरती ठेवतो आणि काडी थेट पिशवीत लावतो. अर्धी माती, पाव भाग वाळू, पाव भाग चाळलेलं शेणखत. काडीचे दोन हिस्से मातीत, एक हिस्सा वर, वरच्या भागावर दोनतीन डोळे. पिशव्या सावलीत, पाणी कधीही तुटू द्यायचं नाही. हिवाळा आणि उन्हाळा असा काढून मृगाच्या पावसात रोप बाहेर लावावं. जागा बारमाही ओली असेल, तर एवढीही यातायात नको. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच फांदी ओढ्याच्या कडेला दोन फूट खोल ठोकली तरी ती झाड होते.

बागकाम करणारे लोक विलोच्या काड्या बारीक चिरून दोन दिवस भिजवतात आणि ते पाणी इतर कलमांना देतात. त्यात मुळं फुटायला मदत करणारी द्रव्यं उतरतात असा त्यामागचा विचार. गुण येतोच असं नाही, तोटाही नाही.

पाणी शोधायला निघालेलं मूळ

आता अवघड भाग.

शहराच्या कडेला बंगला बांधलेल्या माझ्या एका स्नेह्यांनी हौसेने विलो आणला. न्हाणीघराच्या मागे, सांडपाण्याच्या चेंबरपासून दहाबारा फुटांवर लावला. झाड झपाट्याने वाढलं, येणारा-जाणारा कौतुक करी. चौथ्या पावसाळ्यात न्हाणीतलं पाणी उतरेना. प्लंबरने चेंबर उघडलं, पाइपात हात घातला आणि ओढायला लागला. बाहेर आली ती ओल्या जटेसारखी, लालसर तपकिरी, हातभर लांबीची मुळांची गुंडाळी. पाइप फुटलेला नव्हता. जोडाशी केसाएवढी फट होती.

मुळाला पाण्याचा वास येतो वगैरे काही नाही. मुळाची असंख्य टोकं सगळीकडे चाचपत असतात. जिथे ओल जास्त लागते तिथे त्यांची वाढ आणि फुटवे जास्त. पाझरणाऱ्या जोडाभोवतीची माती बारा महिने ओली असते. एक तंतू फटीतून आत शिरतो, आत पाणी आणि खत दोन्ही फुकट, मग त्याचा झुबका होतो. म्हणजे विलो पाणी शोधणार हे ठरलेलंच आहे. कुठलं पाणी शोधेल, एवढंच आपल्या हातात.

काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक धोका. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत हात जातो. अशा मातीतून पाणी ओढणारं मोठं झाड पायाशेजारी असेल, तर ती आणखी खोलवर आकसते आणि भिंतींना तडे जाऊ शकतात. ब्रिटनमधली चिकणमातीही अशीच आकसणारी. तिथे घरांच्या विम्यासंदर्भात झाडांच्या सुरक्षित अंतराची जी यादी दिली जाते, तीत विलोसाठी 40 मीटर सांगितले आहेत. आपल्या गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये 40 मीटर आणायचे कुठून? म्हणूनच म्हणतो, शहरातल्या बंगल्याच्या अंगणात विलो नको. आणि एक लक्षात ठेवा: महाराष्ट्रातल्या शहरी भागांत 1975 च्या वृक्ष कायद्याखाली झाड तोडायला परवानगी काढावी लागते. चुकीच्या जागी लावलेलं झाड चूक कळल्याबरोबर काढता येत नाही.

मग लावायचा कुठे? शेतातून ओढा किंवा नाला जात असेल, तर त्याच्या कडेला. मुळं काठाची माती धरून ठेवतात, पुरात काठ ढासळत नाही. विहिरीच्या, कूपनलिकेच्या, शौचखड्ड्याच्या जवळ नको. घरापासून, गोठ्यापासून निदान पन्नास फूट लांब, आणि जमीन काळी असेल तर त्याहून दूर. प्लॅस्टिकचं अस्तर टाकलेल्या शेततळ्याच्या बांधावर तर मुळीच नको. अस्तराला भोक पडलं की तळं गेलं. मातीच्या बंधाऱ्यावरही नको, मुळांच्या वाटेने पाणी झिरपायला लागतं.

आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर केळ, अळू, कर्दळ लावायची रीत जुनीच. परसात जागा भरपूर असेल आणि पाणी पाइपातून न नेता उघड्या चरातून सोडलेलं असेल, तर त्या चराच्या टोकाला वाळुंज उत्तम. डेन्मार्कमध्ये याच कल्पनेवर सांडपाण्याची व्यवस्था करतात. खोल खड्ड्याला अस्तर लावायचं, त्यात माती भरून दाट विलो लावायचे आणि घराचं सांडपाणी त्यात सोडायचं. बाहेर पाणी जातच नाही, झाडं ते पिऊन पानांवाटे हवेत उडवतात. दोष आणि गुण एकच असतो. जागा बदलली की नाव बदलतं.

निगा: दोन वर्षं कष्ट, पुढे कात्री

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. भरताना वरची माती, दोन पाट्या शेणखत. आळं मोठं करावं आणि त्यात पालापाचोळ्याचं वीतभर आच्छादन घालावं. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये. तिसऱ्या वर्षापर्यंत मुळं ओलीला पोचतात. रासायनिक खत देऊ नये. ज्याला धावायचीच सवय आहे त्याला आणखी पळवलं, तर लाकूड पोकळ-भुसभुशीत होतं आणि वाऱ्याने फांद्या मोडतात. शेळ्या-गुरांना पाला आवडतो, म्हणून पहिली वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवं. लडाखमध्ये झाडं इतकी मोलाची, की कोवळ्या खोडांना जुने पत्र्याचे डबे आणि गोणपाट गुंडाळलेले दिसतात. तिथे घराच्या छताला पॉप्लरच्या तुळया आणि त्यांवर दाटीने रचलेल्या विलोच्या काड्या असतात. काश्मिरात कांगडीची विणही विलोच्याच काड्यांची.

एवढ्या काड्या मिळतात त्या छाटणीमुळे. विलो छाटणीला कधी नाही म्हणत नाही. बुडापासून छाटला तर खुंटातून डझनभर सरळ कोंब येतात. डोक्याच्या उंचीवर छाटला तर तिथे कोंबांचं टोपलं तयार होतं आणि गुरांचं तोंडही पोचत नाही. बागेत झाड आटोक्यात ठेवायचा हाच मार्ग. वाळुंजाची छाटणी पानं गळाल्यावर, नवे डोळे फुटण्याआधी करावी. एकमेकींवर घासणाऱ्या, अगदी अरुंद बेचक्यातल्या आणि वाळलेल्या फांद्या दरवर्षी काढाव्यात, कारण हे लाकूड हलकं आहे आणि वादळात याच आधी फाटतात.

निगेचा अस्सल नमुना पाहायचा तर इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या बॅटच्या विलोंकडे पाहावं. तिथे उंच सरळ फांद्याच ओल्या जमिनीत रोवतात. मग खोडाच्या खालच्या भागावर फुटणारा प्रत्येक कोवळा कोंब वेळच्या वेळी हाताने पुसून काढतात. एक कोंब राहिला तर फांदी होते, फांदीची गाठ होते, आणि गाठ असलेलं लाकूड बॅटच्या पात्याला चालत नाही. पंधरा-वीस वर्षांत झाड तयार. दुकानातल्या त्या दुसऱ्या बॅटची किंमत जास्त का, याचं एक उत्तर त्या पुसलेल्या कोंबांत आहे.

रोग-किडींची धास्ती बाळगू नये, लक्ष मात्र ठेवावं. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, त्याच्या चिकट्यावर मुंग्या जमतात आणि पानांवर काळी बुरशी धरते. पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळी अर्क पुरतो. पानाच्या पाठीवर नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा; पडलेला पाला गोळा करून नष्ट करावा. खोडाला भोक आणि बुडाशी भुसा दिसला तर खोडकिडा आहे. तारेने टोकरून अळी काढावी, आणि मग झाडाला पाणी कमी पडतंय का ते पाहावं. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सुरू झालेलं असतं.

झिपऱ्यांचा विलोच हवा असेल तर

सिनेमातला तो लोंबत्या फांद्यांचा विलो म्हणजे सॅलिक्स बॅबिलोनिका. लिनियसने 1753 मध्ये हे नाव दिलं ते बायबलमधल्या बॅबिलोनच्या नद्यांकाठच्या झाडांची आठवण ठेवून. गंमत अशी, की बायबलमधली ती झाडं बहुधा युफ्रेटिसकाठचे पॉप्लर होते, आणि हा विलो मूळचा चीनचा. फारसीत त्याला बेद-ए-मजनून म्हणतात. केस मोकळे सोडून खाली मान घालून बसलेल्या मजनूचं झाड. उत्तर भारतात आणि काश्मिरात तो रमतो. आपल्याकडे घाटमाथ्यावर, पाण्याशेजारी जगतो, पण कोरड्या कडक उन्हाळ्यात त्याची झळाळी राहत नाही.

दुसऱ्या परदेशी जाती आणताना जपून. ऑस्ट्रेलियात गोऱ्या वसाहतकारांनी काठ सावरायला विलो लावले. मोडलेली प्रत्येक काडी वाहत जाऊन रुजली, नद्यांची पात्रं भरली, आणि आज तिथे दोनतीन अपवाद सोडून सगळे विलो राष्ट्रीय पातळीवरचं तण ठरले आहेत. खिडकीतल्या बाटलीत ज्याचं कौतुक केलं, तोच गुण तिथे संकट झाला.

ज्यांच्याकडे गच्ची किंवा छोटं अंगण आहे, त्यांनी लोंबता बॉटलब्रश लावावा. झिपऱ्या तशाच, वर लाल फुलांचे ब्रश, शिंजीर पक्षी येतात आणि पाण्याची हाव बेताची. विलोचीच हौस असेल, तर एक काडी पसरट कुंडीत बोन्साय म्हणून वाढवा, कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवा आणि वर्षातून एकदा मुळं छाटा.

पण ज्यांच्या शेताला ओढा आहे, त्यांना एक विनंती. काठ खरवडून, सिमेंटने बांधून आपण वाळुंजाची जागा खूप कमी केली आहे, आणि काठ धरून ठेवायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. यंदा पावसाळा सरताना आसपासच्या ओढ्यावर पानं झडलेला वाळुंज शोधा, मालकाला विचारून दहा काड्या घ्या, आणि आपल्या काठावर चार पावलांच्या अंतराने खोचा. खर्च शून्य. खालचं टोक खाली ठेवा म्हणजे झालं.